थाळी चिकटली म्हणजे नागीण

अमरावती रोडवरून वाडीत आत वळलं की ट्रान्सपोर्टच्या गोदामांची रांग लागते. त्या रांगेतल्या एका टिनाच्या शेडमध्ये मे महिन्याच्या सकाळी एवढी गर्दी जमली होती, की नवं बुकिंग ऑफिस उघडलं असं समजून दोन ट्रकवाले आत डोकावून गेले. आत बुकिंग चालूच होतं, पण मालाचं नव्हतं. आत माणसांच्या पाठीला काशाच्या थाळ्या चिकटत होत्या.

खोटं नाही सांगत. माणूस सदरा काढून स्टुलावर बसायचा. देवराव महाराज, म्हणजे पंचक्रोशीत गाजलेले थाळीवाले महाराज, मंतरलेल्या पाण्याने त्याची पाठ चोळायचे, जेवणाची असते तेवढी थाळी पाठीवर दाबायचे आणि हात काढून घ्यायचे. थाळी तिथेच. दोरी नाही, डिंक नाही. तो माणूस उठून चार पावलं चालला तरी थाळी जागची हलत नव्हती. बायका हात जोडत होत्या आणि पुरुष मोबाईल वर धरत होते.

"नागिणीचं विष थाळीले ओढते," महाराज समजावत होते. स्वतः उघडेबंब, गळ्यात माळा, कमरेला भगवी लुंगी. "विष हाय तवर थाळी धरते. विष सरलं का थाळी सुटते. हे चुंबकाचं शास्त्र हाय, बाप्पा. अमेरिकेतले डॉक्टर आता आता शिकून राहिले."

काशाला चुंबक ओढत नाही, हे ऋतुजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी सासू बसली होती, सखूबाई, डोळे मिटून आणि पदर पसरून. ऋतुजा ते वाक्य गिळून वर पाणी प्यायली.

शहरातल्या नंदनवन वस्तीत, घराच्या पुढच्या खोलीत ऋतुजाचं पार्लर होतं. मागे अंगणात सासऱ्यांचा, बाबनरावांचा, कूलर बनवायचा धंदा. बाबनरावांच्या बापाचा हातमाग होता. माग बंद पडले तसे बाबनराव कूलरकडे वळले. त्यांच्या कपाळाला उजव्या बाजूने आधी आग झाली, मग पाण्याने भरलेले फोड आले, आणि आज सकाळी उजवी पापणी एवढी सुजली की डोळा उघडेना. सगळ्या गल्लीने एकमताने निदान केलं, नागीण. आणि नागिणीला औषध नसतं, उतारा असतो, हेही गल्लीनेच ठरवलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेलाच, असं सांगून शेजारणीने वर धीरही दिला होता.

वाडीच्या एका गोदामात नोकरीला असलेल्या वैभवने, म्हणजे ऋतुजाच्या नवऱ्याने, या महाराजांचं नाव घरी आणलं. तो साधा माणूस. भांडण टाळायला तो देव, डॉक्टर आणि बायको, तिघांनाही एकाच वेळी हो म्हणायचा.

"ज्याले शंका असन त्यानं यावं समोर," महाराजांनी हाक दिली.

एका ट्रकचा क्लीनर हसत पुढे आला. धडधाकट, अंगावर एक फोड नाही. महाराजांनी त्याला त्याच स्टुलावर बसवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक मंत्र म्हटला, "शांत हो माते, शांत हो," असं पुन्हा पुन्हा घोळवलं, आणि थाळी लावली. थाळी घसरली आणि खणखणत फरशीवर पडली.

"पाहा," महाराज म्हणाले. "निरोग्याले धरत नाई."

शेडभर हुंकार उठला. त्यानंतर एका जाड्या दुकानदाराने थाळी उलटीपालटी करून पाहिली, खाली काही चोपडलंय का, असं विचारलं. त्यालाही बसवलं. "जय नागनाथ," अशी आरोळी झाली आणि थाळी त्याच्या पाठीला घट्ट बसली. बिचाऱ्याला गुप्त नागीण निघाली. ऋतुजाच्या लक्षात आलं की जे जास्त प्रश्न विचारतात, त्यांना हटकून गुप्त नागीण निघते. जे गप्प हात जोडतात त्यांची नागीण लवकर उतरते.

बाबनरावांची पाळी आली. जय नागनाथ झालं, थाळी चिकटली. बराच वेळ महाराज पुटपुटत राहिले, पण थाळी सुटली नाही. शेवटी त्यांनी ती हाताने ओढून काढली.

"विष लय हाय. संध्याकाळी परत या. आन एक सांगतो, तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाई. सुई टोचली का नागीण खवळते. मंग ते डोळ्यात उतरन, मी जबाबदार नाई."

बाबनरावांनी मान डोलावली. पण धंद्याचा माणूस शेवटी धंद्याचाच. स्टुलाशेजारी भलामोठा कूलर घरघरत होता, त्याच्याकडे त्यांनी एका डोळ्याने पाहिलं आणि नाक मुरडलं.

"महाराज, तुमच्या कूलरचं गवत सडलं. वास मारून राहिलं. संध्याकाळी मी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून देतो. सेवा समजा."

महाराज प्रसन्न झाले. कूलरशेजारी भिंतीला टेकून जप करत बसलेला त्यांचा चेला मोहित मात्र जरा चुळबुळला. पण भक्ताची सेवा नाकारायची कशी?

घरी आल्या आल्या ऋतुजाने सासऱ्यांच्या चेहऱ्याचा फोटो काढून डॉ. मेघाला पाठवला. मेघा त्वचेची डॉक्टर, आणि पार्लरची जुनी गिऱ्हाईक. तिचा लगेच फोन आला.

"नाकाच्या शेंड्यावर फोड दिसतोय ना? तीच शीर डोळ्यात जाते. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, पहिल्या दोन-तीन दिवसांत झाल्या तर उत्तम. उशीर केला तर बुबुळावर डाग पडू शकतो. नजर जाऊ शकते, ऋतुजा."

ऋतुजा अंगणात गेली. बाबनराव वाळ्याच्या ताट्या बांधत होते. सुतळीची गाठ ते चाचपडत मारत होते, कारण एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं. सुतळी दोनदा हुकली. या माणसाने डोळ्याच्या अंदाजाने पत्रा कापायचा, मोजपट्टी न लावता, आणि तो कधी वाकडा गेला नव्हता.

"मामाजी, आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आन नागीण खवळली तं?"

"नागीण म्हणजे काही सापीण नाही. लहानपणी कांजण्या होतात ना, त्याचेच जंतू शिरेत लपून राहतात. म्हातारपणी, अंगात ताकद कमी झाली की वर येतात."

"काहून वं," सखूबाई मधेच म्हणाल्या, "पार्लर टाकलं म्हणून डॉक्टर झाली का तू?"

ऋतुजा स्वयंपाकघरात गेली, लग्नातली काशाची थाळी घेऊन आली, आणि वरच्या खोलीतून घामाघूम होऊन उतरलेल्या वैभवला म्हणाली, "शर्ट काढा." वैभवने सवयीने हो म्हटलं. थाळी त्याच्या पाठीला चिकटली. मग तिने सखूबाईंच्या पाठीला मानेखाली लहान ताटली लावली. तीही चिकटली. मग स्वतःच्या दंडाला वाटी लावली. सगळं घर भांड्यांनी सजलं.

"झालं," ती म्हणाली. "घरात सगळ्यांनाच नागीण."

वैभव थाळी घेऊनच आरशासमोर गेला. सखूबाई घाबरून ताटली ओढू लागल्या. बाबनराव मात्र हलले नाहीत.

"तुझी थाळी कोणालेबी धरते. तिच्यात मंतर नाई. महाराजांची थाळी त्या क्लीनरले धरली का? नाई ना? सगळ्यांनी पाह्यलं."

इथे ऋतुजा अडली. थाळी चिकटते कशी, ते ठाऊक होतं. चिकटत नाही कशी, ते तिला सांगता येईना.

"ज्या घडीले महाराजांची थाळी माह्या पाठीले धरणार नाई," बाबनराव म्हणाले, "त्या घडीले तू म्हणशीन त्या डॉक्टरकडे येतो. शब्द हाय माहा."

बाबनरावांचा शब्द म्हणजे शब्द. गिऱ्हाइकाला जुबान दिली म्हणून त्यांनी एकदा लग्नाचं जेवण सोडून कूलर पोहोचवला होता. ऋतुजा पार्लरमध्ये जाऊन बसली आणि समोरच्या डब्यांकडे बघत राहिली. वॅक्सिंगच्या आधी कातडी कोरडी करायला ती रोज काय लावते? पावडर. घामावर वॅक्स नीट बसत नाही म्हणून. मग पावडरवर थाळी कशी बसेल? ती एकटीच हसली आणि घामोळ्यांच्या पावडरचा नवा डबा घेऊन अंगणात आली.

"मामाजी, पाठीवर केवढ्या घामोळ्या आल्या. बसा, लावून देते."

"लाव. खाजून राहिलंच."

अर्धा डबा रिकामा झाला. वरून बंडी घातली.

संध्याकाळी शेडमध्ये सकाळपेक्षाही गर्दी होती. बाबनरावांनी कोणाला हात लावू न देता तिन्ही ताट्या कूलरला बसवल्या. पंप चालू झाला, पाणी ताट्यांवरून झरझर उतरलं आणि वाळ्याचा ओला वास शेडभर पसरला. लोकांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. महाराज म्हणाले, ही नागमातेची प्रसन्नता. बाबनरावांना हे श्रेयाचं परस्पर वाटप फारसं रुचलं नाही.

ते रांगेत डोळे मिटून बसून राहिले. उजवा आपोआप मिटलेला होता, डावा उजेडाने चुरचुरत होता. डोळे मिटले की कान आणि नाक जागी होतात. एका बाईच्या पाठीला थाळी लागली तेव्हा वाळा दरवळत होता. मग "शांत हो माते" सुरू झालं. हळूहळू वास विरला, वारा गरम आणि कोरडा झाला, आणि खण्णकन थाळी पडली. बाईची नागीण उतरली. पुन्हा "जय नागनाथ" झालं आणि पुन्हा झरझर, पुन्हा वास.

"पंप अटकून राहिला," बाबनराव वैभवच्या कानात म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटत होती. "माह्या ताटीत खोट नाई. पंपच खराब हाय. लोक म्हणतीन बाबनरावचा माल बंद-चालू होते."

"बाबा, तुम्ही नागिणीकडे लक्ष द्या," वैभव म्हणाला.

पाळी आली. बंडी उतरली. महाराजांनी बोटं बुडवून पाणी शिंपडलं, जय नागनाथ म्हणून थाळी दाबली आणि हात काढला. थाळी सरळ खाली. खण्ण.

महाराजांनी पुन्हा लावली. पुन्हा खण्ण. तिसऱ्यांदा थाळी त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर पडली आणि मंत्रातला एक शब्द भलताच बाहेर आला.

"सुटली वं माय, नागीण सुटली," सखूबाई रडायलाच लागल्या.

ऋतुजा उठून उभी राहिली. "थाळी धरली नाही, मामाजी. तुमचा शब्द. चला डोळ्याच्या डॉक्टरकडे."

डॉक्टर हा शब्द ऐकला आणि महाराजांचे डोळे बारीक झाले. इथून लोक डॉक्टरकडे जायला लागले तर संपलंच सगळं. त्यांनी थाळीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"हे काय चोपडलं पाठीले? नागीण असताना पावडर? अभद्र," ते कडाडले. त्यांनी ओल्या फडक्याने पाठ खसाखसा पुसली, हात वर केला आणि गर्जना केली, "जय नागनाथ."

कूलरमध्ये झरझर सुरू झालं. वाळ्याचा वास आला. थाळी चिकटली.

लोकांनी जयजयकार केला. डाव उलटला होता. आता मामाजी काही उठत नाहीत आणि डोळा हातचा जातो, हे ऋतुजाला स्पष्ट दिसत होतं.

बाबनरावांनी स्टुलावर बसल्या बसल्या वाळ्याचा वास हुंगला. मग त्यांनी हळूच विचारलं, "मोहित, पंप तूनं चालू केला?"

"नाई काका. आपोआप होते."

"आपोआप?" बाबनरावांनी मान वळवली. "अख्खी जिंदगी कूलर बनवून राहिलो, गा. आपोआप बंद होणारे पंप ढिगानं पाह्यले. जय नागनाथ म्हटल्यावर आपोआप चालू होणारा आज पहिल्यांदा पाह्यला."

ते उठले. पाठीवर थाळी तशीच. मोहितच्या पाठीमागे भिंतीवर झेंडूची जाडजूड माळ लटकत होती. ती त्यांनी बाजूला केली. खाली कूलरची दोन बटणं होती, एक पंख्याचं आणि एक पंपाचं. पंपाचं बटण बोट लागून लागून चकचकीत झालं होतं.

बाबनरावांनी पंप बंद केला. पंखा चालूच ठेवला. मग ते स्टुलावर येऊन कूलरकडे पाठ करून बसले.

"आता मंतर नको. कोणी बोलू नका."

वाळ्याचा वास विरत गेला. टिनाखालची मे महिन्याची लाही पंख्यातून कोरडी होऊन येऊ लागली. महाराज म्हणाले, देवीची थट्टा करू नका. महाराज म्हणाले, याचा कोप होईल. महाराज बरंच काही म्हणाले. आणि मग कडेने सुटत सुटत थाळी आपली आपण फरशीवर पडली.

"नागीण उतरली," बाबनराव म्हणाले. "बटणानं."

मग त्यांनी पंप चालू केला आणि सकाळच्या त्या क्लीनरला बोलावलं. ओल्या वाऱ्यात त्याची पाठ ओल्या हाताने चोळून थाळी लावली. चिकटली. क्लीनर घाबरून म्हणाला, "काका, मले झाली का आता?"

"तुले कायची होते, बे. तुले घाम आला."

खरी गंमत यापुढे झाली, आणि ती कोणी ठरवून केली नव्हती. सखूबाईंना अजून काही उमगलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की आज थाळी ज्याला त्याला धरते आहे, म्हणजे साथच आली. महाराज सटकायच्या बेताने वाकून आपली झोळी भरत होते; उघडी पाठ घामाने चमकत होती. सखूबाईंनी फरशीवरची दुसरी थाळी उचलली आणि काळजीने, अगदी श्रद्धेने, त्यांच्या पाठीवर ठेवली. ती घट्ट बसली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "महाराज, तुमालेच नागीण. तुमी पहिले स्वतःची उतरवून घ्या."

शेड हसली. आधी मागचे ट्रकवाले हसले, मग बायका, मग तो गुप्त नागीणवाला जाड्या दुकानदार तर खुर्ची धरून हसला. महाराज हात मागे नेऊन थाळी काढायला बघत होते, पण हात पोहोचेना. जेवढी धडपड तेवढा घाम, आणि जेवढा घाम तेवढी थाळी घट्ट. थाळीसकट ते मागच्या दाराने गेले. मोहित दुसऱ्या दाराने गेला.

"पण माह्या मावशीची इथंच बरी झाली," एक बाई हट्टाने म्हणाली. "ते कसं मंग?"

ऋतुजा तिच्याजवळ गेली. "ताई, धुतलेली ताटं ओलीच एकमेकांवर ठेवली की सुटतात का? मधलं पाणी हवा शिरू देत नाही, बाहेरची हवा दाबून धरते. पाठीचंही तेच. ओली पाठ थाळी धरते, वाळली की सोडते. आणि तुमच्या मावशीची नागीण बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत उतरते तशीच उतरली. तोवर जो समोर बसला होता, त्याने नाव कमावलं. तोंड-शेपटाची भीती पण सोडा. ती बहुतेक अंगाच्या एकाच बाजूने येते, जुळणार कुठून? पण ती डोळ्याजवळ आली तर वाट बघायला वेळ नसतो. आमच्याकडे नाही आता. मामाजी, चला."

बाबनरावांनी बंडी हातात घेतली आणि उघड्या पाठीनेच ते बाहेर पडले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ पाहिलं. बुबुळापर्यंत नुकतंच पोहोचलं होतं. वेळेत आलात, म्हणाले. गोळ्या दिल्या, थेंब दिले, परत परत बोलावलं. कपाळाची ठणक पुढेही बरेच दिवस राहिली, आणि कपाळावर फिकट डाग राहिले ते राहिलेच. पण पापणी उघडली आणि खालचा डोळा जसाच्या तसा होता.

बरं झाल्यावर पहिल्यांदा पत्रा कापायला घेतला त्या दिवशी बाबनरावांनी मोजपट्टी मागितली. ऋतुजाने आणून दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली, उजव्या डोळ्यासमोर पत्रा धरला आणि सरळ कापत नेला. मग म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी मी ताट्या नेल्या नसत्या तं?"

आपल्या पावडरने काम झालं नव्हतं, हे ऋतुजालाही ठाऊक होतं.

"लय शहाणा समजत होतो मी स्वतःले," ते म्हणाले. "कूलर ओळखला नाई मी आपला. का, तं महाराजापुढं डोळे मिटून, हात जोडून बसलो होतो."

आता त्यांच्या अंगणात कूलर घ्यायला गेलात, तर कूलर दाखवायच्या आधी ते तुम्हाला सदरा काढायला सांगतील. ओल्या फडक्याने पाठ पुसतील, थाळी लावतील, पंप बंद करून ती पाडून दाखवतील, आणि वर म्हणतील, कूलर घ्या का नका घेऊ, नागीण फुकट उतरवून देतो. सखूबाई आतून ओरडतात, थाळी धुऊन आणा, जेवायची आहे. आणि एवढं झाल्यावर बाबनराव गंभीर होऊन एकच गोष्ट सांगतात, ती आपणही ध्यानात ठेवावी. कोणाच्याही पाया पडा, हरकत नाही. पण पाया पडताना डोळे मिटतात, तेव्हा आपलं नाक आणि कान तरी उघडे ठेवा. आणि डोळ्याजवळ फोड आले, तर पाठ दाखवायच्या आधी डॉक्टरला डोळा दाखवा.